गर्भारपणातील मधुमेह : तीन प्रसंग, तीन तपासण्या



घरात सून किंवा लेक गर्भवती असल्याची वार्ता आली की सारे घर आनंदते. कोणी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतो, कोणी ओटी भरते आणि डोहाळे पुरविण्याची एकच लगबग सुरू होते. "आता ती दोन जिवांची आहे, तिला हवे ते खाऊ द्या," हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ह्या कौतुकात एक गोष्ट मात्र अनेक घरांत मागे पडते. ती म्हणजे गर्भवतीच्या रक्तातील साखरेची वेळच्या वेळी तपासणी. ह्या लेखात आम्ही तेवढ्याच एका विषयाची माहिती देत आहोत.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत प्रथम सांगतो. त्या घरातील सुनेस पहिल्या खेपेस सातव्या महिन्यात साखर वाढल्याचे आढळले. पथ्य पाळले गेले, मुलगी सुखरूप जन्मली आणि लगेच आईची साखरही उतरली. "आजार गेला" असे समजून सर्व कागद कपाटात ठेवले गेले. तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, तेव्हा ही जुनी गोष्ट डॉक्टरांस कोणी सांगितली नाही. तपासणी झाली ती चौथा महिना सरताना. तोवर मधुमेह कायमचा होऊन बसला होता आणि बाळाचे हृदय व मज्जारज्जू घडण्याचे आठवडे कधीच निघून गेले होते. बाळ सुदैवाने निरोगी जन्मले. परंतु मधले पाच महिने त्या घराने ज्या काळजीत काढले, ती काळजी एका साध्या तपासणीने टळली असती.

हा आजार कसा उद्भवतो

आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन ती साखर पेशींत पोहोचवते. गर्भारपणात वार तयार होते आणि तिच्यातून अनेक संप्रेरके आईच्या रक्तात मिसळतात. त्यांच्या योगाने आईच्या शरीरावरील इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. ही निसर्गाचीच योजना आहे; आईच्या रक्तात साखर थोडी अधिक काळ राहावी आणि बाळास ती मिळावी, हा तिचा हेतू. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड अशा वेळी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक इन्सुलिन निर्माण करून तोल सांभाळते. ज्यांच्या स्वादुपिंडास हा वाढीव भार पेलत नाही, त्यांची साखर वाढते. हाच गर्भारपणातील मधुमेह होय. वार जसजशी वाढते तसतसा हा भार वाढतो. म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यात तो विशेषकरून प्रकट होतो.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. काही स्त्रियांस मधुमेह गर्भ राहण्यापूर्वीच असतो, केवळ तो कोणी तपासलेला नसतो. अशा स्त्रियांच्या बाबतीत धोका अधिक, कारण बाळाचे मुख्य अवयव पहिल्या दोन महिन्यांतच आकारास येतात व त्या काळात साखर फार वाढलेली असल्यास जन्मजात व्यंगाचा संभव वाढतो. पहिली तपासणी शक्य तितक्या लवकर का करावी, याचे उत्तर ह्यातच आहे.

बाळावर व आईवर होणारा परिणाम

आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, परंतु आईचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे बाळाचे चिमुकले स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन निर्माण करू लागते. ही उपपत्ती डेन्मार्कमधील वैद्य यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडली व ती आजही मान्य आहे. ह्या जादा इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी साठते, बाळ मोठे होते, प्रसूती अवघड होते आणि प्रसंगी खांदा अडकून बाळास इजा होते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकाएकी थांबते, पण बाळाचे इन्सुलिन मात्र तसेच चालू राहते. त्यामुळे जन्मानंतर काही तासांत बाळाची साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते. श्वासाचा त्रास व कावीळ यांचेही प्रमाण अशा बालकांत अधिक असते. आईस रक्तदाब वाढणे, गर्भजल वाढणे व शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागणे हे धोके संभवतात. साखर फार वाढलेली राहून उपचार न झाल्यास बाळ पोटातच दगावल्याची उदाहरणेही घडतात.

"बाळ गुटगुटीत आहे, म्हणजे सर्व ठीक आहे" ही समजूत म्हणूनच सोडावयास हवी. वजन कमी आहे म्हणजे चिंता नाही, असेही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास १९९३ साली सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेस घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. तथापि आपल्या बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणाऱ्या देहातही चरबी असते आणि मधुमेहाकडे असलेला आपल्या लोकांचा कल जन्मापासूनच दिसू लागतो, हे त्यातून पुढे आले.

आपल्या गोव्यापुरते पाहिले तर ही बाब अधिकच निकडीची ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. ज्या घरात आजी, आजोबा, वडील किंवा आत्या यांना साखरेचा विकार आहे, त्या घरातील लेकीने "मी तर अजून तरुण आहे" म्हणून निश्चिंत राहू नये.

लक्षणांची वाट पाहू नये

ह्या आजाराची बहुधा कोणतीही लक्षणे नसतात. थकवा, वारंवार लघवी, तहान ही तर गर्भारपणात एरवीही असतातच. लघवीतील साखरेच्या तपासणीवरही विसंबता येत नाही. रक्ताची तपासणी हाच खात्रीचा मार्ग आहे.

पूर्वी वय अधिक, वजन अधिक किंवा घराण्यात मधुमेह असलेल्या स्त्रियांचीच तपासणी करण्याचा प्रघात होता. आता भारतात प्रत्येक गर्भवतीची तपासणी करावी, असे धोरण आहे. ह्या कार्यात चेन्नई येथील डॉ. व्ही. शेषय्या यांचा वाटा मोठा. दूरच्या खेड्यातून उपाशीपोटी येणे गर्भवतीस कठीण जाते व एकदा परत पाठविलेली स्त्री पुन्हा येईलच असे नाही, हे ओळखून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुटसुटीत पद्धत रूढ केली. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, भारतात ह्या आजाराविषयीच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत स्वीकारलेली ती पद्धत अशी : स्त्री जेवलेली असो वा उपाशी, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यावयास देतात. बरोबर दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळल्यास गर्भारपणातील मधुमेह समजून उपचार सुरू करतात. पाणी प्याल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. त्यानंतर झाली तर तीच पुढे चालू ठेवतात. ग्लुकोज एकदम गोड लागते म्हणून मळमळते; त्यासाठी ते घोट घोट घ्यावे.

काही रुग्णालयांत उपाशीपोटी, एक तासाने व दोन तासांनी असे तीन वेळा रक्त घेतात. तेथे उपाशीपोटी ९२, एक तासाने १८० व दोन तासांनी १५३ ह्या मर्यादा असून त्यांपैकी एक जरी गाठली गेली तरी निदान होते. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मर्यादेशी ताडून पाहू नये, म्हणजे विनाकारण गोंधळ होणार नाही.

तीन प्रसंग लक्षात ठेवावेत

तपासणी तीन वेळा करावयाची असते आणि ह्या तिन्ही वेळा आपल्या घरातील प्रसंगांशी सहज जुळतात.

१. पहिली, गोड बातमी कळताच. डॉक्टरांकडे किंवा आरोग्य केंद्रात नाव नोंदविण्याच्या पहिल्याच भेटीत साखर तपासून घ्यावी. तिसरा महिना सरेपर्यंत कोणास सांगू नये, अशी रीत काही घरांत आहे. ती खुशाल पाळावी; मात्र डॉक्टरांस सांगण्यास ती आड येऊ देऊ नये.

२. दुसरी, फुले माळण्याच्या सुमारास. पहिली तपासणी निर्दोष आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी लागते. फुलां माळप किंवा डोहाळजेवण साधारणतः ह्याच सुमारास होते. मुहूर्ताचा दिवस धराल तेव्हाच तपासणीचाही दिवस धरावा आणि शक्यतो कार्याच्या आधीचा धरावा.

३. तिसरी, बाळंतिणीचा सव्वा महिना सरला की. बाळ सहा आठवड्यांचे झाले की आईची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी, ह्या खेपेस उपाशीपोटी जाऊन, पुन्हा करावी लागते. ज्यांना गर्भारपणात मधुमेह होता, त्या सर्वांसाठी ही तपासणी आहे आणि सर्वाधिक विसरली जाते ती हीच.

ती का विसरली जाते, हे आपल्या चालीरीतींत शोधले पाहिजे. आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणास माहेरी जाते. सासरच्या गावी तपासणी झालेली, प्रसूती माहेरच्या गावी आणि सव्वा महिन्यानंतर पुन्हा परत. एका डॉक्टरांचे कागद दुसऱ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. सासरचे म्हणतात माहेरी झाली असेल, माहेरचे म्हणतात सासरी गेल्यावर होईल. घरातील साऱ्यांचे लक्ष बाळाकडे असते आणि आईविषयी विचारणारे कोणी राहत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. राष्ट्रीय लसीकरणात बाळास सहाव्या आठवड्यात लस द्यावयाची असते आणि ती सहसा कोणी चुकवत नाही. त्याच दिवशी सकाळी आईने उपाशीपोटी जाऊन आपलीही तपासणी करून घ्यावी. तसेच पाठवणीच्या वेळी ओटीच्या साहित्याबरोबर तपासणीचे कागदही लेकीच्या पिशवीत घालावेत. हे काम सासूबाईंनी किंवा आईने स्वतःकडे घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

निदान झाल्यास घाबरू नये

योग्य उपचाराने बहुतेक माता सुखरूप प्रसूत होतात. ऑस्ट्रेलियात सुमारे १००० स्त्रियांवर झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, उपचार घेतलेल्या गटात बाळांस होणाऱ्या गंभीर बाधांचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्याचे दिसून आले. उपचाराचा पहिला भाग आहार व चालणे हाच आहे आणि अनेकींना तेवढाच पुरतो.

आहाराचा अर्थ उपासमार असा नव्हे. बाळाची वाढ व्हावयाची असल्याने पोटभर खावयाचे आहेच, परंतु दोन वेळा भरपेट जेवण्याऐवजी तीन जेवणे व दोन-तीन लहान न्याहाऱ्या अशी वाटणी करावी. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा असावा : तांबडी भाजी, दुधी, भेंडी, काकडीची कोशिंबीर. एक चतुर्थांश भाग डाळ, मुगागाठी, अळसांद्यांचे तोणक, अंडे किंवा मासे यांचा आणि उरलेला चतुर्थांश भाग भाताचा किंवा नाचण्याच्या भाकरीचा. भात सोडावयास नको, पण वाटीने मोजून घ्यावा. सकाळी केवळ पेज पिण्याने साखर भराभर वाढते. तिच्यासोबत उसळ वा अंडे असावे. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. गूळ किंवा मध साखरेपेक्षा निर्धोक आहे, ही समजूत चुकीची आहे. रक्तातील साखर त्यांनीही वाढतेच.

दररोज सुमारे अर्धा तास, विशेषतः जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे, संथपणे चालावे. रक्तस्राव, वार खाली असणे किंवा अन्य कारणाने डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर मात्र त्यांचेच ऐकावे.

दोन आठवडे असे केल्यावर उपाशीपोटीची साखर ९५च्या आत व जेवणानंतर दोन तासांची १२०च्या आत राहिली, तर बहुधा औषध लागत नाही. न राहिल्यास गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिनचे नाव काढताच अनेक घरांत रडारड होते. एकदा टोचले की जन्मभर सुटत नाही, असे लोक सांगतात. गर्भारपणातील मधुमेहात वार बाहेर पडताच बहुतेकींचे इन्सुलिन थांबते आणि ते वार ओलांडून बाळाकडे जात नसल्यामुळे बाळास निर्धोक आहे. इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीस एकाएकी घाम, थरथर व घबराट झाली तर साखर उतरली असे समजून तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून लगेच द्यावी, मग काहीतरी खाऊ घालावे व डॉक्टरांस कळवावे.

उपवास, व्रते व प्रसाद

भाविकांकडून आम्हांस हा प्रश्न नेहमी विचारला जातो. गर्भवती, बाळंतीण, बालक, वृद्ध व आजारी यांना कडक उपवासातून मोकळीक असावी, ही आपल्याकडील जुनीच समजूत आहे. ज्या गर्भवतीस मधुमेह आहे तिने, आणि विशेषतः जी इन्सुलिन घेते तिने, एकादशी, सोमवार किंवा चतुर्थीचा उपवास करू नये. दिवसभर निराहार राहिल्याने साखर उतरते आणि मग साबुदाण्याची खिचडी, रताळी व केळी एकदम खाल्ल्याने ती उसळते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. घेतलेले व्रत प्रसूतीनंतर पूर्ण करता येते. नामस्मरणास तर कोणतेच पथ्य नाही.

समाराधनेच्या पंगतीत मणगणे किंवा खीर वाढली गेल्यास चमचाभर प्रसाद म्हणून घ्यावा व बाकी पानात वाढू देऊ नये. आग्रह करणाऱ्यांनीही गर्भवतीस आग्रह करू नये. नको म्हणणाऱ्या लेकीस "देवाच्या प्रसादास नाही म्हणू नये" असे सुनावणे योग्य नव्हे.

बाळंतपणानंतर खरा प्रतिबंध

गर्भारपणातील मधुमेह पूर्णपणे टाळता येईलच असे वचन कोणी देऊ शकत नाही. लग्नानंतर, गर्भ राहण्यापूर्वीच वजन आटोक्यात आणणे, नियमित व्यायाम आणि साखर एकदा तपासून घेणे यांनी धोका घटतो. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांनी साखर ताब्यात आणल्यावरच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, बाळाचा विचार करावा.

खरी संधी मिळते ती प्रसूतीनंतर. ज्या स्त्रीस एकदा हा आजार होतो, तिला पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या तुलनेत सात ते दहा पट असतो. गर्भारपणाने जणू दहा-पंधरा वर्षे आधीच इशारा दिलेला असतो. तो ऐकला तर पुष्कळ काही टाळता येते. अमेरिकेतील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी वजन घटविले व नियमित व्यायाम केला, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले.

म्हणून जन्मानंतर पहिल्या तासातच बाळास अंगावर पाजावे. त्याने बाळाची साखरही सावरते. पुढेही अंगावरच पाजत राहावे, कारण स्तनपानाने आईचाही मधुमेहाचा धोका कमी होतो. डिंकाचे व मेथीचे लाडू प्रेमाने केले जातात, ते लहान व बेताचेच द्यावेत. सहाव्या आठवड्याची तपासणी निर्दोष आली तरी त्यानंतर दर वर्षी एकदा साखर तपासावी. मुलाच्या वाढदिवसाचा महिना ह्या कामास धरल्यास विसर पडत नाही. दुसऱ्या खेपेस दिवस राहताच आधीची हकीकत डॉक्टरांस सर्वप्रथम सांगावी.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी केली जाते. खर्चाच्या कारणाने कोणी मागे राहू नये, हे शेजारच्या घरांतही सांगावे.

महाजन व कुळावी मंडळींस शेवटी एकच विनंती. देवळात ओटी भरावयास आलेल्या गर्भवतीस आपण आशीर्वाद देतो, तेव्हा "साखर तपासलीस का, बाये?" एवढे आपुलकीने विचारावे. आणि सव्वा महिन्यानंतर ती बाळास घेऊन देवदर्शनास येईल, तेव्हा बाळाचे कौतुक करतानाच तोच प्रश्न पुन्हा एकदा, तिच्यासाठी, विचारावा.